समुद्रावरची तोफ आणि तिचा हिशेब



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. विषय कोणता घेता, असे विचारल्यावर आम्ही ‘आरमारी तोफांचे शास्त्र’ असे उत्तर दिले आणि समोरचे गृहस्थ क्षणभर गप्पच झाले. व्यासपीठावरून आम्ही कोणावर तरी तोफ डागणार, अशी शंका त्यांना आली असेल. तसा आमचा बेत नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे रात्रशाळेत, लेथवर आणि फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत झाले. आम्ही प्रथम कामाला लागलो त्या शॉपमध्ये एक वयस्क टर्नर होते. त्यांच्या पेटीत मायक्रोमीटरच्या शेजारी कोष्टकांचे एक फाटके पुस्तक असे. टेपर काढायचा झाला की ते त्या पुस्तकातून कोनाचा हिशेब करीत. ‘काका, ही कोष्टके केली कोणी?’ असे आम्ही एकदा विचारले. ते म्हणाले, ‘बसून कोणीतरी केलीच असतील ना, बाबा. आपल्यासारखीच माणसं.’ त्या उत्तराच्या मागे लागून आम्ही कोष्टकांचा इतिहास वाचू लागलो आणि वाचता वाचता तोफेपाशी येऊन पोहोचलो. ज्या कोष्टकांवर माणसांनी फार मोठी मेहनत खर्च केली, त्यांत तोफेच्या कोष्टकांचा नंबर बराच वरचा लागतो.

आधी साधी गोष्ट. भिरकावलेला दगड कोणत्या वाटेने जातो? १६३८ साली गॅलिलिओने आपल्या ग्रंथात याचे उत्तर दिले. दगड पुढे जातो तो एका ठराविक वेगाने, आणि त्याच वेळी खाली पडत असतो तो वाढत्या वेगाने. या दोन गती एकत्र झाल्या की जी वक्र रेषा तयार होते तिला गणितात परवलय म्हणतात. पंचेचाळीस अंशांच्या कोनात फेकले तर दगड सर्वांत दूर जातो. हे गणित इतके देखणे आहे की पुढची शंभर वर्षे विद्वान मंडळी तोफेचा गोळाही असाच जातो असे खुशाल मानून चालली. त्यांनी मध्ये हवा आहे ही गोष्ट सोडून दिली होती. हवेसारख्या पातळ वस्तूने लोखंडाच्या गोळ्याचे काय बिघडणार, असा तो विचार.

हा विचार ज्याने मोडला त्याचे नाव बेंजामिन रॉबिन्स. इंग्लंडमधील बाथ या गावी १७०७ साली एका गरीब शिंप्याच्या घरी त्याचा जन्म झाला. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. जे काही शिकला ते बहुतेक स्वतःच शिकला. (या माणसाविषयी आम्हांला जरा अधिक आपलेपणा वाटतो, तो श्रोत्यांनी समजून घ्यावा.) १७४२ साली त्याने तोफशास्त्राची नवी तत्त्वे सांगणारे एक छोटेसे पुस्तक लिहिले, आणि त्यात बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची एक युक्ती दिली. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोळीचा वेग मोजायचा कसा? त्या काळी सेकंदाचा शंभरावा भाग दाखवील असे घड्याळ नव्हते. रॉबिन्सने लाकडाचा एक जड ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यात गोळी मारली. गोळी ठोकळ्यात रुतली आणि ठोकळा थोडासा झुलला. किती झुलला ते खाली बांधलेली फीत किती ओढली गेली त्यावरून कळले. बस्स, काम झाले.

आपण हा हिशेब आत्ता येथेच करून पाहू. समजा, गोळी तीस ग्रॅमची आहे आणि ठोकळा तीस किलोचा. म्हणजे ठोकळा हजार पट जड. गोळीची सारी हालचाल ठोकळ्याला मिळाली, तर ठोकळ्याचा वेग गोळीच्या वेगाच्या हजाराव्या हिश्शाइतका होणार. ठोकळा आपल्या जागेवरून साधारण सव्वा सेंटिमीटर वर उचलला गेला, तर त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर होता हे गॅलिलिओच्या गणितावरून निघते. अर्ध्याला हजाराने गुणा. गोळीचा वेग सेकंदाला पाचशे मीटर! सुताराकडून करून घेता येईल असा लंबक, एक फीत आणि चौथीतला गुणाकार. शास्त्र म्हणून कोणी आम्हांला भिववू लागले की आम्हांला हा लंबक आठवतो.

यानंतर रॉबिन्सने बंदूक लंबकापासून जवळ, मग दूर, मग आणखी दूर ठेवून वेग मोजला. वाटेत वेग किती घटला ते त्यामुळे कळले. पाऊण इंच व्यासाची शिशाची गोळी, सेकंदाला सतराशे फूट वेग. तिला हवेचा होणारा रोध तिच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक निघाला. हवा नसती तर अशी गोळी सत्तावीस किलोमीटर गेली असती. प्रत्यक्षात ती मैलभरही जात नाही. कागदावरचे परवलय कितीही सुंदर असले तरी तोफखान्याच्या कामाचे नव्हते, ते असे. गोळीचा वेग आवाजाच्या वेगाच्या आसपास आला की रोध एकाएकी फार वाढतो, हेही त्याच्या ध्यानात आले. शिवाय गोल गोळी हवेत गिरक्या घेत भलतीकडे वळते आणि म्हणून नळीला आतून पिळाचे आटे पाडले पाहिजेत, असेही त्याने सांगितले. ते मोठ्या तोफांच्या बाबतीत सरसकट अमलात यायला पुढे शंभरावर वर्षे लागली. ऑयलर हा त्या काळचा केवढा मोठा गणिती! रॉबिन्सने त्याच्यावर टीका केलेली होती. तरी त्याने १७४५ साली या पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले आणि मूळ पुस्तकाहून कितीतरी मोठे भाष्य त्याला जोडले.

आणि हा रॉबिन्स मेला कोठे? आपल्या देशात. ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांची कामे पाहण्यासाठी त्याला पाठविले, आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने त्याचा अंत झाला. कोरोमंडलच्या हवेचा रोध त्याच्या हिशेबात नव्हता.

असो. आता समुद्रावर येऊ. जमिनीवरची तोफ निदान स्थिर असते. जहाजावरची तोफ जहाजाबरोबर हेलकावे खाते. पंधरा हजार यार्डांवर, म्हणजे साधारण पावणेचौदा किलोमीटरवर, नळी बाजूला एका अंशाने चुकली तर गोळा सुमारे दोनशे चाळीस मीटर भलतीकडे पडतो. अंशाचा साठावा भाग, ज्याला आपण एक मिनिट म्हणतो, तेवढी चूक झाली तरी चार मीटरचा फरक. लेथवर काम केलेल्यांना हे लगेच कळेल. गिअरच्या दातांत किंचित ‘प्ले’ असला तर हातातले चाक हलते पण टूल हलत नाही; तसाच प्ले तोफेच्या बुरुजाच्या गिअरमध्ये असला तर सगळे गणित पाण्यात. अक्षरशः पाण्यात.

जुनी रीत अशी होती की गोलंदाज नळी एका कोनात ठेवून वाट पाही. जहाज डोलता डोलता नेम निशाणावर आला की तो बार काढी. त्यात बोट दाबायला लागलेला वेळ आणि बार उडायला लागलेला वेळ यांची चूक होई. १८९८ च्या सुमारास पर्सी स्कॉट नावाचा ब्रिटिश कप्तान ‘सिला’ या जहाजावर होता. सरावाच्या वेळी त्याने पाहिले की सर्वांचे नेम चुकत आहेत, एकाचे मात्र बरे लागत आहेत. जवळ जाऊन पाहतो तो काय, हा गडी वाट पाहत नाही; जहाज डोलेल तसे हाताखालचे चाक उलटसुलट फिरवून नळी सतत निशाणावर धरून ठेवतो. कोणी शिकविले नव्हते. त्याचा हात ते करीत होता. स्कॉटने ते ओळखले. चाक झटपट फिरावे म्हणून गिअरचे प्रमाण बदलले, दुर्बीण अशी बसविली की बाराच्या धक्क्याने गोलंदाजाचा डोळा फुटू नये, आणि सरावासाठी एक यंत्र केले. १८९९ च्या नेमबाजीत त्या जहाजाचे सत्तरपैकी छप्पन्न गोळे निशाणावर लागले. इतिहासात नाव स्कॉटचे राहिले. स्कॉटचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. पाहण्याची नजर हीही मोठी गोष्ट आहे. पण शॉपमध्ये एखादा फिटर चुटकीसरशी करतो ते काम इंजिनिअर साहेब वहीत लिहून घेतात आणि मग ती ‘पद्धत’ होते, हे आम्ही किती वेळा पाहिले आहे म्हणून सांगू!

पुढे पल्ले वाढले तसा हिशेब अवघड होत गेला. मघाच्याच पावणेचौदा किलोमीटरच्या अंतरावर गोळ्याला पोहोचायला सुमारे पंचवीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पंचवीस नॉटने धावणारे शत्रूचे जहाज तीनशे वीस मीटर पुढे गेलेले असते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दीडपट. तेव्हा नेम धरायचा तो जहाजावर नव्हे, जहाज जेथे असेल त्या रिकाम्या पाण्यावर. त्यात आपलेही जहाज धावते आहे. वारा आहे. दारू गरम असली तर गोळा दूर जातो, थंड असली तर जवळ पडतो. हवा दाट की विरळ ते पाहावे लागते. काहीशे बार झाले की नळी आतून झिजते आणि वेग उतरतो. पिळामुळे गोळा एका बाजूला सरकतो. इतकेच काय, गोळा हवेत असताना खालची पृथ्वीही फिरते आहे! इंग्लंडच्या उत्तरेकडील समुद्रात या पंचवीस सेकंदांत गोळा त्यामुळे वीसएक मीटर उजवीकडे जातो.

हे सगळे गणित तोफेजवळचा माणूस करू शकत नाही. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, एक खोली आली. वरून दुर्बिणीने मोजलेले अंतर आणि दिशा तिथे येत. दांडे, चकत्या, गिअर यांनी बनलेल्या एका मोठ्या टेबलावर माणसे चाके फिरवीत. आणि नळी किती वर, किती बाजूला हा आकडा बुरुजाकडे जाई. आर्थर पोलन हा छपाईयंत्रांच्या कंपनीचा चालक आणि ड्रायर हा आरमारी अधिकारी, यांच्यात कोणाचे यंत्र चांगले यावरून मोठा वाद झाला. आरमाराने ड्रायरचे टेबल घेतले. पोलनला पुढे १९२५ साली तीस हजार पौंडांचा मोबदला देण्यात आला. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांला त्या खोलीतली माणसे जास्त लक्षात राहतात. ब्रिटिश आरमारात पुष्कळदा जहाजावरच्या बँडची मंडळी या खोलीत कामाला असत. शांततेत कर्णे वाजवावेत आणि लढाईत लोखंडी दाराआड बसून आकडे जुळवावेत. वर काय चालले आहे ते त्यांना दिसत नसे. जहाज बुडाले तर बाहेर यायला वाटही फारशी नसे.

जहाजावरच्या खोलीत चाके फिरत, पण त्यांना लागणारी मूळ कोष्टके जमिनीवर तयार होत. एका गोळ्याची वाट काढायची म्हणजे त्याच्या प्रवासाचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात वेग किती, रोध किती, उंची किती ते काढायचे, आणि ते घेऊन पुढचा तुकडा. मजुरीचे काम. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने भूदलाच्या तोफांसाठी अनेक तरुण मुली या कामाला लावल्या. त्या मुलींनाच ‘कॉम्प्युटर’ म्हणत. हो, तो शब्द आधी माणसांसाठी होता! हातयंत्रावर एका वाटेचा हिशेब करायला वीस तासांच्या आसपास लागत, आणि एका तोफेच्या कोष्टकाला अशा दोन-तीन हजार वाटा लागत. म्हणून ‘एनिॲक’ हे विजेचे गणकयंत्र बांधले गेले, आणि १४ फेब्रुवारी १९४६ रोजी ते जाहीर झाले. गोळा जमिनीवर पडायच्या आत त्याने गोळ्याची वाट काढून दाखविली. ते यंत्र चालवायला बसविलेल्या सहा स्त्रियांना मात्र त्या दिवसांतल्या मेजवानीचे आमंत्रण नव्हते.

याच तारखेनंतर चार दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, मुंबईत ‘तलवार’ या नाविक केंद्रावरच्या खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अपमान यांविरुद्ध संप पुकारला, आणि बंदरातल्या जहाजांच्या तोफा खलाशांच्या हाती आल्या. नेम कसा धरायचा हे ब्रिटिशांनीच त्यांना शिकविले होते. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर गोळीबार झाला आणि मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मेली. ती माणसे मारायला ना कोष्टक लागले ना लंबक. शंभर-दोनशे पावलांवरून झाडलेल्या गोळीला गणित लागत नाही.

आता थोडे मागे जाऊन आजच्या मुख्य गोष्टीकडे वळतो. ३१ मे १९१६. डेन्मार्कजवळ जटलंड येथे ब्रिटिश आणि जर्मन आरमारांची गाठ पडली. एवढी दुर्बीण, एवढी टेबले, एवढे गणित. तरी दोन्ही बाजूंचे मोठे गोळे शंभरात सुमारे तीनच लागले. धूर, धुके, पळती जहाजे. ज्ञान किती तोकडे पडते त्याचा हा हिशेब. आता कारखानदारीत माल बिघडण्याचे प्रमाण जास्त असेल तर मालक काय म्हणतो? दोन मार्ग असतात. एक, काम सुधारा. दुसरा, उत्पादन वाढवा, म्हणजे बिघडले तरी पुरेसे निघेल. ब्रिटिशांच्या बॅटलक्रूझर ताफ्याने हा दुसरा मार्ग धरला होता. भराभर बार काढा! जो आधी आणि जास्त मारील तो जिंकेल.

भराभर बार काढायचे तर खालच्या कोठारातून दारू भराभर वर यायला हवी. कॉर्डाइट रेशमी थैल्यांत भरलेले असे. नियम असा की दारे बंद ठेवावीत, आणि एका वेळी हवी तेवढीच थैली डब्यातून बाहेर काढावी. यात वेळ जातो. म्हणून दारे उघडी राहू लागली, डब्यांची झाकणे आधीच निघू लागली, आणि थैल्यांचे ढीग वाटेत रचले जाऊ लागले. कोणी लेखी हुकूम काढला असेल नसेल. वरचा माणूस घड्याळ घेऊन उभा राहिला की हुकूम काढावा लागत नाही. सवलती आपोआप सुरू होतात. जर्मनांना आधीच्या वर्षी, जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकच्या लढाईत, असाच चटका बसला होता. त्यांच्या ‘सायडलिट्स’ जहाजाचे मागचे दोन्ही बुरूज पेटून दीडशेहून अधिक माणसे जळाली. त्यांनी त्यानंतर सावधगिरी वाढविली. शिवाय त्यांची मुख्य दारू पितळी नळकांड्यात असे.

जटलंडला दुपारी चारच्या सुमारास ‘इंडिफॅटिगेबल’ उडाले. वाचले दोन. अर्ध्या तासाच्या आत ‘क्वीन मेरी’ गेले. संध्याकाळी ‘इन्व्हिन्सिबल’ दुभंगले, वाचले सहा. तिन्ही मिळून तीन हजार तीनशेहून अधिक माणसे गेली. बुरुजावर गोळा लागला, आग थैल्यांच्या ढिगावरून उघड्या दारांतून कोठारापर्यंत उतरली, आणि जहाज संपले.

याच ताफ्याचे मुख्य जहाज ‘लायन’. त्याच्याही मधल्या बुरुजाला गोळा लागला. हार्वी नावाच्या अधिकाऱ्याने मरणाच्या दारात असताना कोठार बंद करून त्यात पाणी सोडण्याचा हुकूम दिला, आणि ‘लायन’ वाचले. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो योग्यच. पण या गोष्टीत दुसरा एक माणूस आहे. अलेक्झांडर ग्रँट. वॉरंट दर्जाचा गनर, आपल्या भाषेत सांगायचे तर फोरमन. तो १९१५ साली ‘लायन’वर रुजू झाला तेव्हा त्याला दारे उघडी आणि थैल्यांचे ढीग दिसले. त्याने कप्तानाकडे गोष्ट नेली आणि नियम पुन्हा सुरू केले: एक दार सोडून बाकी बंद, आणि मोजक्याच थैल्या बाहेर. तोफा खोळंबणार नाहीत अशी रीतही त्याने बसविली. बुरुजाखाली उरलेल्या थैल्या पुढे पेटल्याच, त्या जहाजावर जवळपास शंभर माणसे मेली. पण त्या थैल्या थोड्या होत्या आणि दार बंद होते.

लढाईनंतर चौकशी झाली. दारूच्या हाताळणीकडे बोट दाखविणारेही होते. पण लोकांसमोर मुख्यतः आले ते जहाजांचे चिलखत पातळ होते, हे कारण. लोखंडाला दोष दिला की कोणाची बदली करावी लागत नाही.

हे आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले. आम्ही ज्या कारखान्यात होतो, त्याचे नाव येथे नको, तिथे पॉवर प्रेसवर बोटे वाचविणारे गार्ड होते. गार्ड असला की तासाला नग कमी निघतात. म्हणून ते तारेने वर बांधून ठेवीत. कोणी सांगितले नव्हते. भिंतीवर नगांचा फळा मात्र होता. एका बावीस वर्षांच्या मुलाची तीन बोटे गेली. चौकशीच्या कागदावर लिहिले गेले, ‘कामगाराने गार्ड न वापरता निष्काळजीपणे काम केले.’ आणि खाली त्याची सही. उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्या हाताची, वेडीवाकडी.

अमेरिकेच्या ‘आयोवा’ या युद्धनौकेवर १९ एप्रिल १९८९ रोजी सोळा इंची तोफेत थैल्या पेटल्या आणि सत्तेचाळीस खलाशी मेले. आरमाराने दोष दिला तो मेलेल्यांपैकीच एकाला. त्याने मुद्दाम घडविले म्हणून. मग सँडिया प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. थैल्या नळीत जोराने आणि प्रमाणाबाहेर आत रेटल्या गेल्या तर दारू आपोआप पेटू शकते, हे त्यांनी करून दाखविले. जड वस्तू टांगून, आपटून, मोजून. रॉबिन्सच्या घराण्यातलीच ती रीत. १९९१ साली आरमाराने त्या खलाशाच्या कुटुंबाकडे दिलगिरी व्यक्त केली.

आमच्या त्या मुलाच्या बाबतीत आम्ही प्रयोगशाळा कोठून आणणार? आम्ही युनियनतर्फे दोन महिने रोजच्या नगांचे आकडे उतरवून घेतले, आणि गार्ड खाली असताना प्रेसचा एक फेरा किती सेकंदांचा होतो ते घड्याळ लावून मोजले. फळ्यावरचा आकडा गार्ड लावून गाठणे शक्यच नव्हते. एका पानाचा त्रैराशिकाचा हिशेब. तो चौकशी अधिकाऱ्यासमोर ठेवला तेव्हा त्यांनी तो दोनदा तपासला आणि तिसऱ्यांदा व्यवस्थापकांना तपासायला दिला. नुकसानभरपाई मिळाली. फळा उतरला. तारा मात्र आम्हीच पक्कड घेऊन कापल्या.